एका घटिकेचे पद

समस्त कल्याणकर मंडळींस, तसेच ठाण्यापासून कोपर-डोंबिवलीपर्यंतच्या खाडीकाठच्या झाडून सगळ्या गावांस अत्यंत गांभीर्याने जाहीर करण्यात येते की, दुपारचे बारा वाजणे ही सृष्टीतली घटना आहे असे जे आपण आजवर मानत आलो, ते साफ चूक आहे. बारा वाजणे हे एक मत आहे. ते ज्याचे त्याचे असते, आणि वेळ आली तर त्यासाठी लोक जिवाभावाचा माणूससुद्धा सोडतात. ऐका हो ऐका.

हे ज्ञान मला शाळेत मिळाले नाही. शाळेत मीच शिकवतो. ते चैत्राने दिले. आज सकाळी मुलांना पाढे घालून दिले आणि खिडकीशी उभा राहिलो, तर बाहेर चैत्र आपला सगळा बिछाना पसरून बसलेला. पांगाऱ्यावर एक पान शिल्लक नाही, नुसती लाल फुले आणि त्यांच्यावर भांडणारे कावळे. शेजारच्या ओसरीवर कुणी कैऱ्या किसत होते; त्या वासाने दात आंबले. खाडीकडून खारट, कोमट वारा येत होता. तिकडे मिठागरांतल्या पांढऱ्या राशी उन्हात अशा चमकत असतील की डोळे मिटून घ्यावेत. एवढ्यात देवळाच्या बाजूने एक आवाज आला: भिजवलेल्या कणकेचा गोळा पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापल्याचा. फट्ट. ऐकणाऱ्याला त्यात काही विशेष वाटणार नाही. मी मात्र खिडकी ओढून घेतली.

रामनवमीची तयारी सुरू झाली म्हणायची.

आमच्या आळीच्या राममंदिरात रामाचा जन्म ठीक माध्यान्ही होतो. सूर्य डोक्यावर, सावली पायाखाली, आणि त्याच क्षणी शंख, गुलाल, पाळण्याची दोरी. बोलायला सोपे आहे. करायला गेले की कळते. जन्माचे कीर्तन करायचे आमचे हरिदासबुवा, आणि बुवांना सगळे यायचे, थांबणे सोडून. एका वर्षी ते अर्धी घटिका आधीच जन्मापाशी येऊन पोहोचले. मग वेळ काढायला कौसल्येला तसेच ताटकळत ठेवून यज्ञातले पायस कसे करावे हे बुवांनी सांगितले. त्यात वेलची किती घालावी यावर बायकांत मतभेद झाले. दुसऱ्या वर्षी उलटे. दशरथ अजून शिकारीलाच गेलेला, लग्नाचा पत्ता नाही, आणि बाहेर माध्यान्हीची घंटा झाली. बिचाऱ्या रामाला आईबापांच्या लग्नाआधी जन्मावे लागले. बुवा घामाघूम, पुजारी हताश, आणि गुलाल उधळावा की नाही या विचारात सबंध कल्याण मूठ वर करून बसलेले.

त्या दिवशी, याला आता बरीच वर्षे झाली, मी मनाशी ठरवले की जन्माचे पद असे बांधायचे, की ते ठरलेल्या वेळात सुरू होऊन ठरलेल्या वेळी, पखवाजाच्या शेवटच्या ‘धा’वर, जन्माच्या क्षणावर येऊन उभे राहील. ओढायला नको, कापायला नको. माप होते ते घटिकापात्राचे. म्हणजे बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. पाण्यावर सोडली की हळूहळू भरते, आणि एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटे, झाली की बुडते. आमचे जोशीकाका देवळाच्या अंगणात काठीची सावली बघत बसायचे, आणि माध्यान्हीला एक घटिका उरली की वाटी सोडायचे. ती बुडाली की माध्यान्ह. माझे पद वाटीबरोबर सुरू होणार, वाटीबरोबर संपणार. राग सारंग, कारण वेळ दुपारची. ताल चौताल, कारण पखवाजाला विनायक होता.

विनायकाची ओळख करून द्यायची तर कुठून द्यावी! आम्ही दोघे एकाच विहिरीत पोहायला शिकलो आणि एकाच दिवशी बुडता बुडता वाचलो. मी मास्तर झालो, तो स्टेशनाच्या मालधक्क्यावर कारकून. दिवसभर भाताच्या गोणी मोजायचा आणि संध्याकाळी त्याच बोटांनी पखवाज असा वाजवायचा की गोणीसुद्धा डोलली असती. मी गाताना वाहवत जातो. चांगली जागा सापडली की तिथेच घर बांधतो. तो मला हाताला धरून समेवर आणायचा.

“शब्द तुझे, लय माझी,” तो म्हणायचा. “तू लयीत नाक खुपसू नकोस, मी रामायणात खुपसत नाही.”

आणि या खटाटोपाला एक कारण होते, ते आताच सांगून टाकतो. बुवांचे दात गेले होते. ‘कौसल्या’ म्हणताना पुढच्या रांगेवर शिंतोडे उडायचे. पंचांनी ठरवले होते की यंदा मास्तरांचे पद होऊ द्या. ते नेमके माध्यान्हीला उतरले, तर जन्माची सेवा इथून पुढे मास्तरांकडे. दरवर्षी, हयातभर. आमच्या गावात याहून मोठा मान मला ठाऊक नव्हता. मला तो हवा होता. भुकेल्याला भात हवा असतो तसा हवा होता.

तालमी सुरू झाल्या माघात. जोशीकाका देवळाची वाटी द्यायला तयार नव्हते, म्हणून मी घरातली आमटीची वाटी घेतली आणि खिळा ठोकून तिला भोक पाडले. सकाळी जेवायला बसलो तर पानातून आमटीचा ओहोळ माझ्या धोतरापर्यंत आला. बायको शांतपणे म्हणाली, “माध्यान्ह झाली वाटतं.”

पहिल्याच तालमीत वाटी बुडाली तेव्हा मी अजून सुमित्रेचे डोहाळे गात होतो. पद फार लांब झाले होते. विनायकाने कणीक खरवडत सुचवले, “सुमित्रेचं कडवं काढ.”

“आणि पायस मग दोघींनीच खायचं?”

“तुझं पद रे. राण्या तुझ्या. मी नुसता वाजवणारा.”

मी जड मनाने सुमित्रा काढली. दाराआडून बायको ऐकत होती. ती म्हणाली, “अहो, एकीचे डोहाळे काढलेत, उरलेल्या दोघी ऐकून घेतील? घरात तरी असं कुणी ऐकून घेत नाही.” मग कैकेयीही काढली. आता पद इतके आखूड झाले की तिहाई, म्हणजे एकच बोल तीनदा घेऊन समेवर येणे, संपून आम्ही दोघे वाटीकडे बघत बसलो, आणि वाटी आपली मजेत तरंगते आहे.

“काय करू?” विनायक म्हणाला. “बुड म्हणून हात जोडू तिच्यापुढे?”

मग सुमित्रा अर्धी परत आणली. तान एक वाढवली. तिहाईच्या आधी एक आवर्तन नुसत्या पखवाजाला दिले. ते त्याने मागून घेतले होते, म्हणाला, “जन्माच्या आधी एकदा सगळं थांबल्यासारखं व्हावं रे. घरात बाळंतीण असली की असंच असतं.” ते आवर्तन माझ्या पदातली सगळ्यात चांगली जागा होती आणि ती माझी नव्हती. हे मी तेव्हाही सगळ्यांना हौसेने सांगत असे.

होळी झाली तेव्हा कुठे पद वाटीत बसले. आणि मग जोशीकाका द्रवले. म्हणाले, “आणा, देवळाच्या वाटीवर बघूया एकदा.” बघितले. देवळाच्या वाटीचे भोक माझ्या खिळ्याहून बारीक! माघापासून घाम गाळून बसवलेले पद एका भोकाने खोटे ठरवले. पुन्हा सगळे उसवले, पुन्हा शिवले. कैकेयीला सन्मानाने परत आणले. देवळात सकाळी तालीम, शाळा सुटल्यावर तालीम. त्या दिवसांत आळीतली पोरे लगोरी खेळतानाही माझी तिहाई म्हणत, आणि शेवटच्या ‘धा’ला लगोरी फोडत. लोकांना पद इतके पाठ झाले की ते कुणी ऐकेनासेच झाले. याचे पुढे काय होणार होते ते मला कळले असते, तर दोन तालमी कमी केल्या असत्या.

आता ते स्टेशन. तेव्हाही आणि अजूनही आगगाडी मद्रासच्या वेळेने धावते. मद्रास पडले पूर्वेला. तिथे सूर्य आधी येतो, म्हणून स्टेशनातले घड्याळ आमच्या सूर्याच्या चांगले अर्धा तास पुढे. नवखा माणूस उन्हाकडे बघून निघाला की गाडी गेलेलीच. त्या वर्षी देवळाला नवा शिसवी पाळणा दिला ठाण्याच्या एका कंत्राटदार शेटांनी. खोपटला आमराईत त्यांचा बंगला होता आणि रेल्वेच्या साहेबांत ऊठबस. पाळण्याची पहिली दोरी त्यांनी ओढायची असे ठरले. पण त्यांची एक अडचण होती. दुपारच्या गाडीने त्यांना मुंबई गाठायची होती, आणि आमच्या माध्यान्हीला थांबले तर ती गाडी निघून जाणार होती. त्यांनी पंचांना निरोप धाडला की जन्म स्टेशनच्या बाराला करावा. बारा ते बाराच.

जोशीकाकांनी भर सभेत उत्तर दिले, “शेटना सांगा, राम अयोध्येत जन्मला. मद्रासेत नव्हे.”

लोक पोट धरून हसले. विनायकही हसला. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. त्याच्या हसण्याने माझा खांदा हलला. तो हसला होता, याची मी शपथ घेईन.

एक गोष्ट सांगायची राहिली. गाताना माझे तोंड रामाकडे, म्हणजे अंगणाकडे पाठ. जोशीकाकांनी वाटी कधी सोडली हे मला दिसणार नव्हते. विनायक खांबापाशी कडेला बसायचा. त्याला अंगण दिसे. वाटी पाण्यावर गेली की त्याने थाप द्यायची आणि मी सुरुवात करायची, असे आमचे ठरले होते. खूण नको का एखादी, असे बायकोने विचारले होते. मी म्हणालो, “विन्याची थाप हीच खूण.”

नवमीच्या दिवशी देवळात हलायला जागा नव्हती. मोगऱ्याचा, घामाचा आणि सुंठवड्याचा मिळून एकच वास झाला होता. पुढे शेट, डोक्याला रेशमी पागोटे, हातात पंखा. पाळण्याशेजारी कोपरची सुईण ठकूबाय बसलेली. आमच्या देवळात रिवाज आहे की कुंचीत गुंडाळलेला राम पुजाऱ्याने आणून सुईणीच्या हातात द्यायचा, तिने पाळण्यात घालायचा. बाळंतपण म्हटले की सुईण हवीच. बुवांनी पूर्वरंग आटोपला आणि माझ्याकडे पाहून बोळक्याने हसले. मी डोळे मिटले. आणि थाप पडली.

काय वाजवला त्याने पखवाज त्या दिवशी! इतका सुंदर त्याने आधी कधी वाजवला नव्हता आणि मी पुढे कुणाचा ऐकला नाही. मी वाहवलो की पाठीवर हात ठेवावा तसा त्याचा ठेका यायचा. राण्या आपापल्या जागी आल्या, एकीनेही कुरकूर केली नाही. मग ते त्याचे आवर्तन: नुसता पखवाज, हलका, जड, सबंध देऊळ श्वास धरून. मग तिहाई. एक. दोन. आणि तिसऱ्याच्या शेवटच्या ‘धा’वर मी आणि तो असे एकत्र पडलो की शंख आपसूक वाजला. गुलाल उडाला. ठकूबायने राम पाळण्यात घातला, शेटनी दोरी ओढली. बुवांनी स्वतःची शाल काढून माझ्या खांद्यावर टाकली. मी रडत होतो. उतरले! पद उतरले!

तेवढ्यात अंगणातून आरोळी आली, “अरे, काय चाललंय काय?”

दारात जोशीकाका उभे. हातात वाटी. कोरडी. ती अजून पाण्यात गेलीसुद्धा नव्हती.

“काका,” मी म्हणालो, “पद ऐकलं नाहीत का?”

“ऐकलं की! मला वाटलं, तालीम चाललीय! रोजचंच झालंय ते!” ते दिङ्मूढ होऊन गुलालाकडे बघत होते. “माध्यान्हीला अजून घटिकेहून जास्त आहे रे बाबांनो!”

मी विनायकाकडे वळलो. तो मान खाली घालून बोटांची कणीक काढत होता. फार मन लावून काढत होता.

“विन्या, वाटी सोडली नव्हती?”

“तुझं पद उत्तम झालं ना?” तो वर न बघता म्हणाला. “समेला जराही इकडेतिकडे झालं? मग?”

“वाटी सोडली नव्हती?”

त्याच्याऐवजी शेट बोलले. अंगावरचा गुलाल झटकत, अगदी मोकळ्या मनाने. त्यांना त्यात लपवण्यासारखे काही वाटलेच नाही. “चला विनायकराव, गाडी चुकेल. बोरीबंदरच्या साहेबांना आजची वेळ दिलीय आपण. नोकरीची जागा काही आपल्यासाठी उद्यापर्यंत थांबायची नाही.”

तो उठला. पखवाज तिथेच ठेवला. दाराशी गर्दीत एकदा वळला, आणि मग केसांतल्या गुलालासकट स्टेशनकडे चालू लागला. मी त्याला हाक मारली नाही. कुठल्या नावाने मारायची ते सुचले नाही.

तेव्हापासून मी या गोष्टीचा नाना परींनी विचार केला आहे. चैत्रात दुसरा उद्योग नसतो. गोणी मोजून त्याची बोटे फुटत होती हे मला दिसत होते. त्याची बायको आजारी असायची, मुंबईत औषधपाणी चांगले होते. त्याने मला विचारले असते, तर मी त्याच्यासाठी पद चार दिवस आधी गायले असते, सारंगाऐवजी भैरवीत गायले असते. विचारलेच नाही. माझी लय त्याच्या हातात होती, त्याने ती दुसऱ्याला वापरायला दिली. आणि वर सांगतो, सम बरोबर आली. आलीच होती! त्याचेच तर दुःख आहे. वाईट वाजवला असता तर मी त्याला केव्हाच माफ केले असते.

मागल्या वर्षी तो मला ठाण्याच्या बाजारात भेटला. पोट सुटलेले, मिशा पिकलेल्या, अंगात कोट. मला बघून त्याला खराच आनंद झाला. तपकिरीची डबी पुढे केली. “अजून गातोस का रे?” मी म्हणालो, “शाळेत पाढे म्हणतो, तेच.” तो खो खो हसला. मग पोरांची चौकशी, आंब्याचे भाव, उन्हाळा. बोलता बोलता त्याचा हात कोटाच्या खिशावर हलकेच ठेका धरत होता. मला तो ओळखू आला. त्यालाही कळले असावे, कारण हात एकदम खिशात गेला. आम्ही दोघांनी त्या दिवसाचे नाव काढले नाही. घरी येऊन मी बायकोला सगळे सांगितले, नकलेसकट. ती हसली नाही. म्हणाली, “जेवून घ्या.”

सेवा पुन्हा बुवांकडे गेली, मग त्यांच्या भाच्याकडे. पंच भली माणसे, मला दोष कुणी दिला नाही. पण ज्या पदाने रामाला अवेळी आणले ते पुन्हा देवळात कसे म्हणायचे? आता ते बायका बारशाला म्हणतात, कडवी हवी तशी मागेपुढे करून. सुमित्रा कधी असते, कधी नसते.

मात्र त्या दिवसाचा शेवट तिथे झाला नाही. शेट गेले, विनायक गेला, आणि आम्ही उरलो जन्मलेल्या रामासह, ज्याचा जन्म अजून व्हायचा होता. पंचांची कुजबुज झाली. पुजाऱ्याने राम पाळण्यातून काढला, ओल्या पंच्याने गुलाल पुसला आणि गाभाऱ्यात परत नेला. लोकांनी आपापल्या अंगावरचा गुलाल झटकून मुठीत गोळा केला. जोशीकाकांनी सावली बघून वाटी सोडली. या वेळी मी अंगणाकडे तोंड करून बसलो होतो. मला ती दिसत होती.

“मास्तर,” काका म्हणाले, “म्हणा पुन्हा. आता खरी वेळ आहे.”

मी शाल सावरली. खांबापाशी पखवाज आडवा पडला होता, डाव्या तोंडावरची कणीक सुकून भेगाळत चालली होती. पहिला शब्द माझ्या ओठांवर होता. मी थापेची वाट पाहिली. सवय म्हणून पाहिली. थाप येणार नाही हे कळायला मला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर मी शाल काढून बुवांपुढे ठेवली. बुवांनी सुरुवात करायचा प्रयत्न केला. सुंठवड्याने त्यांना ठसका लागला. मग कुणीच काही केले नाही. सबंध कल्याण त्या एका वाटीकडे बघत बसले. ऊन खांबांवरून खाली उतरले. कुठेतरी एक कावळा ओरडला, तोही मग गप्प झाला. वाटी काठापर्यंत भरली, जरा थरथरली, आणि बुडाली.

माध्यान्ह. सावली पायाखाली. शंख फुंकणारा माझ्याकडे बघत राहिला, मी जमिनीकडे. पुजाऱ्याने घाईघाईने कुंचीतला राम आणून ठकूबायच्या हातात दिला. तिने तो सवयीने छातीशी धरला, पाठीवर दोन चापट्या मारल्या, कान लावला, आणि त्या भरल्या देवळातल्या शांततेत एकदम घाबरून, मोठ्याने म्हणाली, “आरं, पोर झाला न् रडला कसा नाय?”